माल किती होता?

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर गणपती पेठेत एकेक शटर वर जाऊ लागलं, तसा आतला गाळ आणि भिजून आंबलेल्या धान्याचा वास रस्त्यावर यायला लागला. एका ओळखीच्या किराणा व्यापाऱ्याच्या दुकानात मी मदतीला गेलो होतो. विम्याचा सर्व्हेअर आला. त्यानं गाळात उभं राहून फोटो काढले, भिंतीवरची पाण्याची रेघ टेपनं मोजली आणि विचारलं, "पाणी शिरलं त्या दिवशी दुकानात माल किती होता?"

"दुकान भरलेलं होतं साहेब. राखी, गणपती तोंडावर. सणाचा माल आणून ठेवला होता."

"ते दिसतंय मला. पण किती?"

काउंटरच्या खणातून बिलांचा गठ्ठा निघाला, तो भिजून एकजीव झालेला. आम्ही तो गच्चीवर नेला, एकेक बिल हलक्या हातानं सोडवून वाळत घातलं, उडू नये म्हणून वर खडे ठेवले. शाईची बिलं फुटली होती, मशीनवरची तर कोरीच झाली होती. तरी खरेदी पुन्हा उभी करता आली. ठोक व्यापाऱ्यांकडून प्रती मागवल्या, जीएसटीच्या पोर्टलवर पुरवठादारांनी भरलेल्या नोंदी सापडल्या. अडलं ते विक्रीपाशी. रोज काय विकलं, कुठल्या मालाची किती पोती उरली, याची नोंदच नव्हती. महिन्याचा एकच आकडा पोर्टलवर टाकलेला, तोही अंदाजानं. खरेदीतून विक्री वजा केली की शिल्लक निघते, इतकं सोपं ते गणित, पण त्याची एक बाजूच आमच्याकडे नव्हती. दावा मंजूर झाला, पण झालेल्या नुकसानीच्या निम्म्यालाही पोचला नाही. मी त्या सर्व्हेअरला दोष देत नाही. त्याला कागदावरचा आकडा हवा होता आणि आम्ही त्याला आठवणी सांगत होतो.

गेली बावीस वर्षं मी लहान धंद्यांचे हिशेब लिहितो. किराणा, फॅब्रिकेशन, खानावळी, पिठाच्या गिरण्या, दोन-तीन बेकऱ्या. या बावीस वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. लहान धंदेवाल्याच्या डोक्यात आपण सगळ्यांनी मिळून एक चुकीची गोष्ट बसवली आहे, की हिशेब सरकारसाठी ठेवायचा असतो. कर सल्लागारांनी बसवली, बँकांनी बसवली, कायद्यानं बसवली, आणि माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्यांनीही बसवली. त्यामुळे सरकारनं मागितला नाही तर हिशेब ठेवायचं कारणच उरत नाही. मालकाला स्वतःला त्या आकड्यांची गरज आहे, ही गोष्ट कुणी त्याच्या कानावर घातलेलीच नाही.

आपल्याकडे हे पूर्वापार असं नव्हतं. पेशवे दफ्तरातले रोजकीर्दीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही पुण्यात आहेत. त्या दिवशी काय आलं, काय गेलं, ते त्याच दिवशी लिहायचं आणि नंतर खात्यावर चढवायचं, ही शिस्त राज्यकारभारात होती तशी पेठेतही होती. रोजकीर्द, खतावणी (खातेवार वही), मेळ (रोकड वहीशी जुळवणं), तेरीज (बेरजांचा गोषवारा) हे शब्द आपल्याला कुठल्या सॉफ्टवेअरनं दिलेले नाहीत. माझ्या आजोबांच्या पिढीतला मुनीम रात्री गल्ला मोजायचा, वहीशी ताडून बघायचा, आणि चार आण्यांचा फरक सापडेपर्यंत उठायचा नाही. ती वही मालकासाठी होती. मालक संध्याकाळी ती उघडायचा आणि कुणाकडं किती येणं आहे ते त्याला कळायचं.

आता वहीच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आली आहे. वर्षभराची बिलं तीत कोंबायची आणि रिटर्नची तारीख जवळ आली की पिशवी आमच्या टेबलावर आणून ठेवायची. ठेवताना विचारायचं, "किती बसेल?" म्हणजे कर किती बसेल. धंदा कसा चालला, हा प्रश्न बावीस वर्षांत मला फार थोड्यांनी विचारला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी लाल वही मात्र घरोघरी येते. पहिल्या पानावर श्री, शुभ, लाभ, वर हळदकुंकू. दुसऱ्या वर्षी ती वही माझ्याकडे आली की पहिलं पान चिकटलेलं असतं आणि बाकीची कोरी असतात. ते बघून मला दरवेळी वाईट वाटतं.

कायद्यानं यात मोठी सवलत दिली आहे, आणि ती योग्यच आहे. १९६१च्या आयकर कायद्यात कलम ४४ एडी म्हणून असलेली आणि नव्या कायद्यातही पुढं चालू राहिलेली ही सोय अशी: उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा नफा धरून रिटर्न भरता येतं. रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ३ कोटी. मग करासाठी हिशेबवह्या ठेवायची सक्ती नाही, ऑडिट नाही. लहान माणसाला कागदपत्रांच्या कटकटीतून सोडवणारी ही सोय कुणी काढून घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण 'वह्यांची सक्ती नाही' या वाक्याचा अर्थ बाजारात 'हिशेबाची गरज नाही' असा लावला गेला, आणि तो खोडून काढायला आमच्यातलं कुणी पुढं आलं नाही. आम्हालाही ते सोयीचंच होतं.

पूर आला त्या वर्षी या सोयीची दुसरी बाजू दिसली. ज्याचा माल वाहून गेला त्याला खरोखर तोटा झाला होता. पण तोटा दाखवायचा तर वह्या हव्यात. नफा ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी दाखवायचा आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर वह्याही लागतात आणि ऑडिटही. वह्या नसलेल्या माणसानं बुडालेल्या वर्षातही ६ ते ८ टक्के नफा झाला असं लिहून दिलं. तो तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करून घ्यायचा हक्कही गेला.

"लिहिलं तर कर लागेल" ही भीती मला रोज ऐकायला मिळते. मी तिला हसत नाही, कारण ती लोकांच्या अनुभवातून आली आहे. पण आजचे आकडे बघा. २ कोटींची सगळी विक्री बँकेतून झाली तरी ६ टक्क्यांनी नफा १२ लाख धरला जातो, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य येतो, इतर उत्पन्न नसेल तर. प्रत्यक्षातला नफा जास्त असेल तर जास्त दाखवावा, हे खरंच आहे. पण आपल्या तालुक्याच्या गावातला किती किराणा दुकानदार वर्षाला १२ लाख कमावतो? ज्या कराला घाबरून तो लिहीत नाही, तो कर त्याला बहुतेक वेळा लागतच नाही. न लिहिल्यानं होणारा तोटा मात्र दर महिन्याला होत राहतो.

तो कसा होतो, ते एका दुकानात आम्ही बसून काढलं. नवरा-बायको दोघं दुकान बघतात. सकाळी सातला उघडायचं, रात्री नऊला बंद. आण्णांचं म्हणणं होतं, महिन्याला पन्नास हजार तरी सुटतात. वहिनींना ते पटत नव्हतं, कारण घरात कधी पैसे टिकत नव्हते. मी म्हटलं, एक महिना मोजू या. १ तारखेला रात्री शटर अर्धं ओढून तिघांनी माल मोजला. वहिनी सांगायच्या, आण्णा खरेदीचा भाव बोलायचे, मी लिहायचो. माल निघाला ३,१०,००० चा. महिनाभरात खरेदी झाली ३,९२,००० ची. महिन्याच्या शेवटच्या रात्री पुन्हा मोजला, शिल्लक ३,२८,२०० ची. म्हणजे ३,७३,८०० चा माल खपला. घरात नेलेला माल धरून विक्री ४,२०,०००. हातात राहिले ४६,२००.

आण्णांचा चेहरा इथंच थोडा खुलला होता. मग खर्च मांडले. पोऱ्याचा पगार ९,०००, लाइटबिल ३,५००, मालाची वाहतूक-हमाली २,८००, पिशव्या आणि किरकोळ ९००. उरले ३०,०००. दुकानात घातलेले दोन लाख सोनं ठेवून आणलेले होते, बारा टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला २,०००. उरले २८,०००. गाळा स्वतःचा, म्हणून त्याचं भाडं आण्णा कधी धरत नव्हते. पण शेजारचा तसाच गाळा ९,००० ला गेला होता. ते वजा केले की १९,०००. दोन माणसं, रोज चौदा तास, महिन्याचे तीस दिवस. ८४० तासांचे १९,००० रुपये, म्हणजे तासाला तेवीससुद्धा नाहीत.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोऱ्याला तरी सुट्टी असते."

मग आण्णांना पन्नास हजार दिसत होते ते कुठले? गल्ल्यात पैसे होते ही गोष्ट खोटी नव्हती. पण त्यातले बरेचसे ठोक व्यापाऱ्याचे होते, माल उधारीवर आला होता आणि पैसे अजून द्यायचे होते. गल्ल्यातली रोकड आणि धंद्यातला नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अकरावीच्या कॉमर्सच्या मुलाला पुस्तपालनात शिकवतात. दुकानात बसलेल्या माणसाला मात्र ते कुणी शिकवत नाही. त्याच रात्री आणखी एक गोष्ट निघाली. डीप फ्रीझरमधल्या आइस्क्रीमवर जेवढं सुटायचं, त्याहून जास्त त्या फ्रीझरचं लाइटबिल येत होतं. फ्रीझर पुढच्याच आठवड्यात परत गेला आणि त्या जागी वहिनींची चटणी आणि शेंगदाण्याचं कूट आलं. वही नसती तर तो फ्रीझर दुकानाची शान म्हणून अजून तिथंच असता.

फॅब्रिकेशनवाल्यांचं दुखणं वेगळं. शेडचं ३,६०,००० चं काम घेतलं, दीड लाख ॲडव्हान्स आला. त्या दीड लाखातून मागच्या कामाच्या लोखंडाची उधारी भागवली. या कामाचं लोखंड आणायला पुढच्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स यायची वाट बघायची. कामं भरपूर, प्रत्येक कामात नफा, आणि तरी माणूस कायम तंगीत. ॲडव्हान्स आपल्या खिशात आला तरी काम पुरं होईपर्यंत ते देणं असतं, आणि वहीत त्याची जागा देण्याच्या बाजूला आहे. जीएसटीचंही तसंच. लाखाच्या बिलावर १८,००० घेतले, ६०,००० च्या लोखंडावर १०,८०० दिले, तर मधले ७,२०० तुमचे नाहीतच. २० तारखेला ते भरायचे आहेत. ते खर्चून बसला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज आणि रिटर्न थकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी. मी माझ्या लोकांना सांगतो, गिऱ्हाइकाचे पैसे आले की जीएसटीचा वाटा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात ठेवा.

दुसरं खातं म्हटलं की घरखर्चाचा विषय निघतोच. गल्ल्यातून घरात जाणारे पैसे हा सगळ्यात नाजूक भाग आहे, कारण तिथं हिशेब मागणं म्हणजे घरातल्या माणसावर अविश्वास दाखवणं असं समजलं जातं. मला उलटं वाटतं. मालकानं स्वतःला दर महिन्याला ठरावीक पगार द्यावा, बायको दुकानात बसत असेल तर तिलाही तिच्या नावानं द्यावा, आणि वरचा प्रत्येक रुपया उचल म्हणून लिहावा. आपल्या गावोगावच्या दुकानांत बायका आयुष्यभर बसतात आणि कुठल्याच कागदावर त्यांचं काम दिसत नाही. हिशेब नीट लिहिला तर ते पहिल्यांदा दिसतं.

उधारीबद्दल एवढंच सांगतो की नाव आणि रक्कम पुरत नाही, तारीख हवी आणि समोरच्याची सही हवी. २००६च्या एमएसएमई कायद्यानं लहान उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला मोठा आधार दिला आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ पद्धतीनं व्याज. पण माल कधी पोचला आणि कुणी घेतला, हे दाखवणारं सही केलेलं चलनच नसेल तर हा आधार कागदावर राहतो. माझ्याकडे आलेल्या दहांतल्या आठ जणांकडे ते चलन नसतं.

२०२५च्या जुलैमध्ये कर्नाटकात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. तिथल्या व्यापारी कर विभागानं यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून हजारो लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. बेंगळुरूत दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे कागद लागले. ज्या मालावर जीएसटीच नाही, तो भाजीपाला, दूध विकणाऱ्यांनाही नोटिसा गेल्या होत्या. विभागाची घाई चुकीची होती, खात्यावर आलेली प्रत्येक रक्कम म्हणजे विक्री होत नाही. पण ते सिद्ध कोण करणार? मेहुण्यानं पाठवलेले उसने पैसे, भिशीची रक्कम, पोरीच्या फीसाठी आलेले पैसे आणि गिऱ्हाइकाचे पैसे, सगळं एकाच क्यूआर कोडवर आलं असेल तर यातली विक्री किती, हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. रोजची चार ओळींची नोंद असती तर उत्तर एका दिवसात देता आलं असतं. क्यूआर काढून टाकून गिऱ्हाईक घालवायची वेळ आली नसती.

"आम्ही अडाणी, आम्हाला कुठं जमतंय" असं जे म्हणतात, त्यांना मी गावातल्या बचत गटाच्या बैठकीत जाऊन बसायला सांगतो. गट माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळ) असो की उमेदचा (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), त्याची पंचसूत्री ठरलेली आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन. चौथी-पाचवी शिकलेल्या बायका पासबुकं समोर पसरून बसतात, पैसे सगळ्यांदेखत मोजले जातात, रोखीशी वही जुळल्याशिवाय कुणी उठत नाही. त्याच वह्या बघून बँक गटाचं मूल्यमापन करते आणि कर्ज देते. त्यातल्याच एखादीच्या नवऱ्याचं गावात हार्डवेअरचं दुकान असतं, उलाढाल गटाच्या वीसपट, आणि वही नाही. मला हे बघून बचत गटातल्या बायकांचा अभिमान वाटतो आणि बाकीच्यांबद्दल कळकळ वाटते, कारण जमण्या-न जमण्याचा हा प्रश्नच नाही. बायकांना कुणीतरी समोर बसून शिकवलं. दुकानदाराला कुणी शिकवलं नाही.

म्हणून माझी पहिली मागणी बँकांकडे आहे. २०१५मध्ये मुद्रा योजना आली तेव्हापासून शिशु, किशोर, तरुण कर्जांच्या फायली मी तयार करतो. बँक पुढच्या वर्षांचा अंदाजी ताळेबंद मागते आणि तो माझ्यासारखाच कुणीतरी कर्जाच्या रकमेला बसेल असा बनवून देतो. त्या ताळेबंदात मालकाच्या धंद्यातलं जवळजवळ काहीच नसतं, हे देणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. त्याऐवजी बँकेनं सहा महिन्यांची हातानं लिहिलेली रोजकीर्द मागावी. खाडाखोड असली तरी चालेल, रोजची हवी. गटाला जो नियम तोच दुकानाला लावावा. बँकेच्या माणसाला त्या वहीतून कळेल तेवढं माझ्या टाइप केलेल्या ताळेबंदातून कधीच कळणार नाही.

दुसरी मागणी शिक्षणाची. पुस्तपालन कॉमर्सच्या मुलांपुरतं का? आयटीआयतून वेल्डर, वायरमन, मोटर मेकॅनिक होऊन जी मुलं बाहेर पडतात, त्यांतली कितीतरी पुढं स्वतःचं दुकान टाकतात. त्यांना वेल्डिंगचा सांधा कसा तपासायचा ते येतं, पण आपण दिलेल्या कोटेशनमध्ये स्वतःची मजुरी धरली की नाही हे तपासता येत नाही. जमा-नावे, रोजकीर्द, उचल, घसारा आणि महिन्याची मालमोजणी एवढं शिकवायला एक महिना पुरे. व्यापारी संघटना दरवर्षी कर बदलले की व्याख्यानं ठेवतात. एखादं वर्ष त्यांनी गल्ला वहीशी कसा जुळवायचा यावर ठेवावं, मी बोलायला फुकट येईन.

मोबाइलवरची ॲप्स, टॅली, सगळं चांगलं आहे, ज्याला जमेल त्यानं जरूर वापरावं. पण आधी वही. ज्याला रोज रात्री दहा मिनिटं बसायची सवय नाही, त्याच्या ॲपमध्येही आठ दिवसांचं एकदम आठवून भरलेलं असतं.

गणपती पेठेतल्या त्या व्यापाऱ्यानं २०१९च्या दिवाळीपासून लिहायला सुरुवात केली. दोनशे पानी साधी वही. रात्री गल्ला मोजायचा, मेळ घालायचा, त्या पानाचा फोटो काढून पुण्यातल्या लेकीला पाठवायचा. महिन्याच्या शेवटी मालाची यादी, पोती आणि भावासकट. २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी पुन्हा चढायला लागलं, तेव्हा संध्याकाळी त्याचा फोन आला की टेम्पो मिळतोय का बघ. मी पोचलो तेव्हा तो काउंटरवर जून महिन्याची यादी पसरून बसला होता आणि पेन्सिलीनं खुणा करत होता. काजू, वेलदोडे, साजूक तूप, चहापत्ती आधी माळ्यावर. मग तेलाचे डबे. मीठ आणि साबण शेवटी, नाही झाले तर राहू देत. हमाल दोनच मिळाले होते आणि हातात तीन-चार तास होते. तो यादी बघून एकेक नाव सांगत होता आणि ते उचलत होते.